भुकटीच्या लोखंडाचा गिअर : दात्यांचा शीण आणि टिकाऊपणा



आपल्या या पत्रिकेत ऊसलागण, खोडवा, खतांच्या मात्रा यांविषयी नेहमीच लिहिले जाते. आज थोडा वेगळा विषय घेत आहे. विषय लोखंडाचा असला तरी संबंध आपल्या शेताशी आणि खिशाशी आहे. ट्रॅक्टर, पॉवर टिलर, पंप, मोटारसायकल या सर्वांच्या पोटात दातेरी चाके, म्हणजे गिअर, फिरत असतात. त्यांतले काही गिअर लोखंडाच्या भुकटीपासून बनवलेले असतात, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसते. असा गिअर चांगला की वाईट, तो कोठे चालतो, कोठे चालत नाही आणि त्याचे दाते खड्डे पडून का जातात, एवढे या पाठात पाहावयाचे आहे.

प्रसंग कसा घडला

आमचे साडू रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे बुद्रुक येथे भातशेती करतात. हे गाव आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म येथे झाला. त्या वेळी हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई, रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. आपल्याकडे जसा ऊस तसा तिकडे भात. पाऊस लागला की चिखलणी आणि चिखलणी झाली की लावणी. मधले दिवस हातचे गेले तर रोपे जून होतात आणि पुढे फुटवा कमी येतो.

गेल्या पावसाळ्यात ऐन चिखलणीत साडूंचा पॉवर टिलर बंद पडला. पेटी उघडली तर एका लहान गिअरच्या दात्यांवर देवीचे वण असावेत तसे खड्डे. दोन दाते बुडातून मोडलेले. मूळचा गिअर आदल्या वर्षी खराब झाला होता, म्हणून बाजारातून निम्म्या किमतीत दुसरा बसवला होता. तो जेमतेम पंचवीस दिवस चालला. नवा मिळेपर्यंत नऊ दिवस गेले आणि निम्मी लावणी मागे पडली.

मी भेटीस गेलो तेव्हा साडूंनी तो गिअर माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "साडूबुवा, तुम्ही कारखान्याच्या वर्कशॉपात आहात, तुम्हीच सांगा. मेस्त्री म्हणतो हे भुकटीचं लोखंड. म्हणजे आमची फसवणूकच झाली म्हणायची ना?"

मी म्हटले, "भुकटीचं आहे म्हणून वाईट असं नाही. पण बघून सांगतो." आणि तो गिअर घेऊन आलो. पुढे जे पाहिले त्यावरून हा पाठ तयार झाला आहे.

भुकटीचा गिअर म्हणजे काय ?

लोखंडाची बारीक पूड घ्यावयाची. तीत थोडा ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन, आणि गरजेप्रमाणे तांबे, निकेल, मॉलिब्डेनम मिसळावयाचे. साच्यातून सुटावे म्हणून थोडे मेणासारखे वंगण घालावयाचे. मोदकाच्या साच्यात सारण दाबावे तशी ही पूड पोलादी साच्यात भरून प्रचंड दाबाने दाबली की गिअरचा आकार तयार होतो. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला चार ते सात टन असतो. अशा कच्च्या गिअरला हाताने उचलता येते, पण जोराने आपटला तर तो फुटतो.

नंतर तो सुमारे ११२० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून नेतात. भट्टीत हवा नसते, लोखंड जळू नये असा वायू असतो. लोखंड १५०० अंशांच्या पुढे वितळते, तेव्हा येथे ते वितळत नाही. वीटभट्टीत मातीचा कण कणाला चिकटून वीट पक्की होते, तसेच येथे लोखंडाचा कण कणाला सांधला जातो. या क्रियेला सिंटरिंग म्हणतात.

वीट पक्की झाली तरी पाणी पिते, कारण तिच्यात बारीक पोकळ्या राहतात. भुकटीच्या गिअरमध्येही अशाच बारीक छिद्रांचे जाळे राहते. या विषयातल्या बहुतेक सर्व चांगल्या-वाईट गोष्टी त्या छिद्रांपाशी येऊन थांबतात.

ही विद्या काही अगदी नवी नाही. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा आणि सहा टनांहून जड आहे. तोही लोखंड वितळवून ओतलेला नाही. खनिजातून निघालेले सच्छिद्र लोखंड तापवून, ठोकून, जोडून तो घडवला आहे. आज गागोद्याच्याच पेण तालुक्यात, धरमतर खाडीकाठी डोलवी येथील पोलाद कारखान्यात स्पंज आयर्न तयार होते. खनिजातला प्राणवायू वायूच्या साहाय्याने काढून घेतला की लोखंड न वितळता मागे राहते, आणि प्राणवायू गेलेल्या जागी छिद्रे राहतात. डोलवीचे स्पंज आयर्न पोलाद करण्यासाठी वापरतात. परंतु अशाच जातीचे सच्छिद्र लोखंड दळून यंत्रभागांची भुकटी करण्याची पद्धत स्वीडनमध्ये विसाव्या शतकापासून आहे. दुसरी पद्धत म्हणजे वितळलेल्या लोखंडाच्या धारेवर जोरात पाणी मारून तिची पूड करणे.

आपल्या राज्यातही हा उद्योग चांगला रुजला आहे. पुण्याजवळ पिंपरी आणि तळेगाव परिसरात भुकटीचे यंत्रभाग करणारे कारखाने आहेत. मोटारींचे तेलपंपाचे गिअर, टायमिंगची चाके, शॉक-ॲब्सॉर्बरचे पिस्टन असे भाग या पद्धतीने लाखांनी निघतात. दाते कापावे लागत नाहीत, धातू फारसा वाया जात नाही आणि एकसारखा माल निघतो, म्हणून किंमत कमी पडते. तेव्हा स्वस्त आहे म्हणून खोटा, असे समजू नये.

दाता थकतो म्हणजे काय ?

तार एकदा वाकवली तर तुटत नाही. मागे-पुढे वीस-पंचवीस वेळा वाकवली की तुटते. हाच धातूचा शीण. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जर्मनीत रेल्वेचे आस मोडू लागले, तेव्हा वोलर नावाच्या इंजिनिअरने वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले की एकदा सहज पेलणारा भार पुन्हा पुन्हा येत राहिला तर त्याच भाराने धातू मोडतो.

गिअरच्या दात्याला हा शीण दोन ठिकाणी येतो. एक दात्याच्या बुडाशी, तेथे दाता वाकतो आणि मोडतो. दुसरा दात्याच्या गालावर, जेथे दाता दात्याला भिडतो. आपला विषय हा दुसरा.

दोन दाते भिडतात ती जागा केसाएवढी अरुंद पट्टी असते. सगळा भार त्या पट्टीवर येतो. हर्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने या दाबाचे गणित १८८२ साली प्रसिद्ध केले. त्यातून दोन गोष्टी समजतात. पहिली, भार चौपट झाला तर दाब दुप्पट होतो. दुसरी जास्त महत्त्वाची. धातूला कातरणारा ताण सर्वांत जास्त असतो तो पृष्ठभागावर नव्हे, तर पृष्ठभागाच्या किंचित आत. लहान गिअरमध्ये ही खोली मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे वरून दाता चकचकीत दिसतो आणि आत चीर सुरू झालेली असते.

ती चीर वाढत पृष्ठभागाला आली की आत तेल शिरते. पुढचा दाता आला की चिरेचे तोंड बंद होते आणि अडकलेले तेल दाबाखाली चीर आणखी फाडते. ही गोष्ट स्टुअर्ट वे या अमेरिकन संशोधकाने १९३५ साली मांडली. शेवटी एक खपली निघून खड्डा पडतो. यालाच मेस्त्री लोक पिटिंग म्हणतात. हे खड्डे बहुधा दात्याच्या उंचीच्या मध्याजवळ, किंचित बुडाच्या बाजूला प्रथम दिसतात. साडूंच्या गिअरवर ते नेमके तेथेच होते.

किती वेळा भार येतो ?

आता थोडे गणित करू. गिअर मिनिटाला १००० फेरे फिरतो असे धरा. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक दात्यावर एकदा भार येतो. दिवसाचे आठ तास काम धरले तर

१००० × ६० × ८ = ४,८०,०००

म्हणजे एका दिवसात पावणेपाच लाखांवर वेळा. पंचवीस दिवसांत १,२०,००,०००, म्हणजे सव्वा कोटीला थोडे कमी.

आता आपल्या कारखान्यातील गिरणीचा विचार करा. रोलर मिनिटाला ४ फेरे फिरतो असे धरू. चोवीस तासांत ५,७६० फेरे आणि १५० दिवसांच्या हंगामात ८,६४,०००. गिरणीच्या रोलरवरचा तो अजस्र गिअर अख्ख्या हंगामात जेवढ्या वेळा भार घेतो, त्यापेक्षा जास्त वेळा हा तळहातावर मावणारा गिअर दोन दिवसांत घेतो! भार अर्थातच वेगवेगळा आहे, पण शीण मोजताना भाराइतकीच त्याची संख्याही मोजावी लागते.

पृष्ठभाग कठीण केलेल्या गिअरची परीक्षा घेताना पाच कोटी फेऱ्यांपर्यंत दाते टिकले तर तो त्या दाबाला पक्का समजतात. वरच्या हिशोबाने पाच कोटी फेरे म्हणजे सुमारे १०४ दिवस. साडूंचा गिअर पाव वाटेतच गेला.

आम्ही काय तपासले

प्रथम वजन. भुकटीच्या गिअरचे खरे मोजमाप म्हणजे त्याची घनता. भरीव लोखंड एका घनसेंटिमीटरला ७.८७ ग्रॅम भरते. गिअर धुऊन, तापवून आतले जुने तेल काढले आणि आपल्या प्रयोगशाळेच्या तराजूवर तोलला. १५६ ग्रॅम भरला. मग गरम तेलात बुडवून छिद्रे तेलाने भरू दिली, म्हणजे पाणी आत जाणार नाही. वरचे तेल पुसून तोलला तर १५८ ग्रॅम. दोन ग्रॅम तेल पोटात गेले! नंतर दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोलला, १३६ ग्रॅम. म्हणजे पाण्यात २२ ग्रॅम कमी, म्हणून आकारमान २२ घनसेंटिमीटर.

१५६ ÷ २२ = ७.०९

भरीव लोखंडाच्या मानाने ही घनता शेकडा ९० झाली. उरलेले दहा भाग छिद्रे. तेलपंपाच्या गिअरला ही घनता चालून जाते. चिखलणीचा भार घेणाऱ्या गिअरला ती अपुरी आहे. जेथे ताण सर्वांत जास्त, तेथेच छिद्र असेल तर चिरेला सुरुवात करावी लागत नाही, ती तयारच असते. एका छिद्रातून दुसऱ्या छिद्रात उडी मारत चीर पुढे जाते.

दुसरी तपासणी पाण्याची, म्हणजे कठीणपणाची. विळ्याला लोहार पाणी देतो तसे गिअरलाही द्यावे लागते. भरीव पोलादाच्या गिअरला कार्बनयुक्त वायूत तापवतात. कार्बन कातडीएवढाच आत मुरतो, मग तेलात बुडवले की कातडी कठीण आणि गाभा चिवट राहतो. कातडीने दाब सोसावा, गाभ्याने धक्का सोसावा, अशी ही वाटणी आहे.

पण भुकटीच्या गिअरला छिद्रांची दारे उघडी असतात. वायू त्यातून थेट गाभ्यापर्यंत शिरतो. ओळखीच्या एका तंत्रनिकेतनातील शिक्षकांनी गिअरचा दाता कापून, घासून, सौम्य आम्ल लावून दाखवला. कातडी आणि गाभा अशा दोन छटा दिसावयास हव्या होत्या, पण दाता आरपार एकाच छटेचा होता. म्हणजे सगळाच कठीण आणि सगळाच ठिसूळ. गालावर खड्डे पडल्यावर धक्के वाढले आणि धक्का सोसायला चिवट गाभा नव्हता, म्हणून दोन दाते बुडातून गेले.

येथे एक इशारा. कठीणपणा मोजण्याच्या साध्या यंत्रावर भुकटीचा गिअर नेहमी खऱ्यापेक्षा मऊ दिसतो, कारण यंत्राची टोचणी छिद्रांतही रुतते. म्हणून नुसत्या त्या आकड्यावर गिअर नापास करू नये आणि पासही करू नये. कणांचा कठीणपणा सूक्ष्म टोचणीने वेगळा मोजावा लागतो.

मग चांगला कसा करतात ?

भार घेणारा भुकटीचा गिअर करण्याची रीत आज चांगली माहीत आहे. दात्यांना आधी थोडा धातू जास्त ठेवतात. मग कठीण पोलादाच्या दातेरी साच्यांमध्ये तो गिअर दाबून फिरवतात. शेणाने सारवलेली जमीन घोटून गुळगुळीत करावी तशी दात्यांची कातडी घोटली जाते. पृष्ठभागापासून अर्धा ते एक मिलिमीटर खोलीपर्यंत छिद्रे जवळजवळ बुजतात. ताण सर्वांत जास्त असतो ती खोली या घट्ट थरातच येते. शिवाय दारे बंद झाल्यामुळे कार्बनही कातडीपुरता राहतो आणि गाभा चिवट राहतो. असा गिअर खड्ड्यांच्या परीक्षेत भरीव पोलादाच्या गिअरच्या जवळपास पोहोचतो, असे गेल्या काही दशकांच्या संशोधनातून दिसले आहे.

क्रम मात्र चुकता कामा नये. आधी घोटणे, मग पाणी देणे, शेवटी हलकेच घासून माप आणणे. पाणी दिल्यावर घोटता येत नाही, आणि शेवटी फार घासले तर मेहनतीने केलेला घट्ट थरच निघून जातो.

तेलाचे महत्त्व

दोन दात्यांमध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही पातळ असतो. तेलातला वाळूचा कण त्याच्या कित्येक पट जाड. कण दात्यावर एक ओरखडा काढतो आणि तेथून शीण सुरू होतो. तेल पातळ पडले, त्यात पाणी गेले, तरी तेच. चिखलात चालणाऱ्या यंत्राच्या पेटीत झिजलेल्या सीलमधून पाणी जाणे फार सोपे आहे. साडूंच्या पेटीतले तेलही दुधाळ झाले होते, हे येथे सांगितले पाहिजे. म्हणजे सगळा दोष गिअरचा नव्हता. थोडा वाटा आपलाही असतो, बरं का!

सभासदांनी काय करावे

१. मूळ गिअर घडीव पोलादाचा असेल तर त्या जागी घडीव पोलादाचाच घ्यावा. निम्म्या किमतीचा पर्याय घेण्याआधी तो कोणत्या पद्धतीने केला आहे हे विचारावे.

२. तेलपंप, टायमिंग अशा हलक्या भाराच्या जागी कंपनीनेच भुकटीचा गिअर दिला असेल तर तो निःशंक वापरावा.

३. भुकटीचा गिअर ओळखावयाचा तर तो स्वच्छ पुसून कोमट करावा. पृष्ठभागावर तेल पाझरलेले दिसले तर तो बहुधा भुकटीचा.

४. असा गिअर लोहाराकडे नेऊन पुन्हा पाणी देऊ नये. पाणी, मीठ किंवा आम्ल छिद्रांत राहून आतून गंज चढतो. मोडलेल्या दात्यावर वेल्डिंगही करू नये.

५. नवा गिअर बसवल्यावर पहिले काही तास हलक्या भारावर चालवावा. मग तेल बदलावे.

६. तेल कंपनीने सांगितलेल्या जातीचेच घालावे. ते दुधाळ दिसले तर त्याच दिवशी काढावे आणि सील पाहावे.

७. मोठी बांधणी किंवा चिखलणी सुरू होण्याच्या महिनाभर आधी पेटी उघडून दाते पाहावेत. मध्याजवळ टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतील तर ते वाढतात का यावर लक्ष ठेवावे. वाढत असतील, खपल्या निघत असतील, तर गिअर लगेच बदलावा.

यातला सातवा मुद्दा सर्वांत स्वस्त आहे. त्याला एक तास आणि एक पाना लागतो. साडूंना मी हेच सांगून आलो. यंदा त्यांनी मे महिन्यातच पेटी उघडली, सील बदलले, नवे तेल भरले आणि मला निरोप पाठवला, "दाते साफ आहेत. लावणीला जेवायला या."

अभ्यासासाठी प्रश्न

१. एक भुकटीचा गिअर कोरडा २१६ ग्रॅम, आणि तेल भरून पाण्यात तोलला असता वजन ३० ग्रॅमने कमी भरले. त्याची घनता किती ? (उत्तर : ७.२)

२. मिनिटाला ५०० फेरे फिरणाऱ्या गिअरच्या दात्यावर आठ तासांत किती वेळा भार येईल ? (उत्तर : २,४०,०००)

३. पृष्ठभाग चकचकीत असतानाही दाता आतून चिरलेला का असू शकतो ? घरातील मुलांना समजावून सांगून पाहा.

ज्या सभासदांना आपल्या यंत्राचा खराब झालेला गिअर दाखवावयाचा असेल त्यांनी तो न फेकता वर्कशॉपात आणावा. सोबत तो किती दिवस चालला आणि तेल केव्हा बदलले होते, एवढे चिठ्ठीवर लिहून आणावे.